हळद लागलेलं प्रकरण

माझ्या पीएच.डी.चं दुसरं प्रकरण गेली चार वर्षं 'होत आलंय'. पहिलं प्रकरण म्हणजे प्रस्तावना. ती कुणालाही लिहिता येते. तिसरं म्हणजे संशोधन पद्धती. ती आधीच्या विद्यार्थ्याकडून पुढच्याकडे वारसाहक्काने येते, फक्त गावाचं नाव बदलायचं. दुसरं मात्र 'संबंधित साहित्याचा आढावा'. आपल्या आधी या विषयावर कोण कोण काय काय बोलून गेलं ते सगळं वाचायचं, आणि एवढं बोलून झाल्यावरही आपल्यासाठी काहीतरी शिल्लक राहिलंय हे सिद्ध करायचं. पंगतीच्या शेवटी बसणाऱ्याला हे दुःख कळेल.

त्यातून माझा विषय महिला बचत गट. हे ऐकल्यावर लोक जो चेहरा करतात तो मला आता पाठ आहे. नाबार्डने १९९२ साली ५०० गट बँकांना जोडून पाहायचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. पुढे गट वाढत गेले आणि गटांच्या मागोमाग त्यांच्यावर प्रबंध लिहिणारेही. आमच्या तालुक्यात तर संशोधक बघितला नाही असा गट सापडणं अवघड. मी प्रश्नावली घेऊन पहिल्यांदा एका गटाकडे गेले, तर अध्यक्षबाई म्हणाल्या, "मॅडम, आधी चहा घ्या. मग लिहून घ्या. वय एक्केचाळीस, शिक्षण नववी, कुटुंब विभक्त, मासिक बचत शंभर, निर्णयप्रक्रियेत सहभाग अंशतः." मी अजून पिशवीतून कागद काढला नव्हता.

तर असे ढीगभर प्रबंध आणि लेख वाचायचे. सुरुवातीला मी ते झेरॉक्स काढून वाचत असे. हातात पेन्सिल आणि शेजारी पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांची गड्डी. वाचताना डोक्यात आलं की चिठ्ठीवर लिहायचं आणि पानाला डकवायचं. मे महिन्यात एके दिवशी पंखा पाचवर होता आणि मी कॉलेजात पेपर तपासायला गेले होते. संध्याकाळी आले तर घरकामाला येणाऱ्या मावशींनी घरभर उडालेल्या एकवीस चिठ्ठ्या गोळा करून फ्रिजच्या दारावर ओळीने लावून ठेवलेल्या. 'हे पटत नाही.' 'आकडा कुठून आला?' 'पुन्हा तपासणे.' कुठली चिठ्ठी कुठल्या पानाची, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. एका चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, 'नवरा कुठे आहे?' एका प्रबंधात बाईने कर्ज काढलं, म्हैस घेतली, कर्ज फेडलं, आणि या सगळ्यात घरातल्या पुरुषाचा उल्लेखच नव्हता, म्हणून. त्या चिठ्ठीखाली आमच्या ह्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बँकेत. सातला येतो. दूध आणू का?'

ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये सांगितली तेव्हा सगळे हसले, पण तासिका सर हसले नाहीत. आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारा एक मुलगा आहे. नेट झालाय, सेटही झालाय, फक्त नेमणूक व्हायची राहिली आहे. त्याला सगळे तासिका सरच म्हणतात. तो म्हणाला, "मॅडम, चिठ्ठ्या ब्राउझरमध्येच लावा ना. उडत नाहीत." आणि पाच मिनिटांत त्याने माझ्या लॅपटॉपवर हायपोथेसिस नावाचं साधन बसवून दिलं. हायपोथेसिस म्हणजे गृहीतक. माझ्या प्रबंधात गृहीतकं तीन आहेत आणि तिन्ही माहिती गोळा करायच्या आधीच सिद्ध झालेली आहेत. हे चौथं.

प्रकार सोपा आहे. वेबवरचं पान किंवा पीडीएफ उघडायचं, वाक्यावरून माऊस ओढायचा, की दोन पर्याय येतात: नुसतं रंगवा किंवा रंगवून त्यावर टीप लिहा. उजवीकडे एक पट्टी उघडते. तिथे आपली टीप, तिच्यावर कुणी दिलेलं उत्तर, त्या उत्तरावरचं उत्तर, सगळं आजोळी जमलेल्या भावंडांसारखं एकाखाली एक निजलेलं असतं. टीप स्वतःपुरती ठेवायची, गटापुरती की साऱ्या जगाला दाखवायची, हे आपण ठरवायचं. मला आवडलं ते असं, की ही टीप मूळ पानावर लिहिलीच जात नाही. ती दुसरीकडे कुठेतरी साठवतात आणि सोबत पत्ता ठेवतात: कुठलं पान, कुठलं वाक्य, त्या वाक्याच्या आधीची ३२ आणि नंतरची ३२ अक्षरं. म्हणजे आपल्याकडे पत्त्यात 'मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीसमोर' लिहितात तसं. मराठीत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, त्यामुळे ३२ म्हणजे जेमतेम पाच-सहा शब्द होतात, ते सोडा. देऊळ दिसतं, गिरणी दिसते, पोस्टमन पोचतो.

पहिले पंधरा दिवस मी नुसती रंगवत सुटले. तिथे रंग एकच, पिवळा. वाक्य महत्त्वाचं वाटलं की पिवळं. पुढचं वाक्य त्यावर अवलंबून असायचं, मग तेही पिवळं. मधलं एकच पांढरं राहिलं तर ते बिचारं पोरकं दिसायचं, म्हणून तेही. पंधरवड्याच्या शेवटी सगळ्या लेखांना आपादमस्तक हळद लागलेली होती आणि मुहूर्त मात्र कुणाचाच नव्हता. याच काळात मला एक लेख सापडला. जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यास करण्याच्या दहा पद्धती तपासून पाहिल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि थोडं थोडं अंतर ठेवून अभ्यास करणं या दोन पद्धती सर्वांत उपयुक्त ठरल्या. ओळींखाली रेघा मारणं आणि मजकूर रंगवणं यांचा उपयोग फार थोडा, असं त्यांनी लिहिलंय. हे वाक्य मला इतकं महत्त्वाचं वाटलं की मी ते लगेच पिवळं केलं.

मूळ दोष संस्कारांचा. आमच्या गावच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का असे: 'पुस्तकात खुणा करू नयेत'. आणि त्या वाक्याखाली कुणीतरी ठळक रेघ मारलेली असे. आत कादंबरीच्या समासात तीन पिढ्या एकमेकींशी बोलत असत. शाईने 'अप्रतिम!', त्याखाली पेन्सिलीने 'कशावरून?', त्याखाली बॉलपेनने 'वरील दोघांनी आपापली पुस्तकं विकत घ्यावीत'. रहस्यकथेच्या अकराव्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणारा एक नराधम होता. तो पुढे सापडला, तर आमचे गणिताचे सर निघाले.

गणितवाल्यांचं आणि समासाचं काहीतरी जुनं नातं असावं. फर्मा नावाच्या गृहस्थाने १६३७ च्या सुमाराला डायोफँटसच्या पुस्तकाच्या समासात लिहून ठेवलं, की या प्रमेयाची फार सुंदर सिद्धता माझ्याकडे आहे, पण इथे जागा पुरत नाही. मुलाने बापाच्या टिपांसकट ते पुस्तक १६७० साली छापलं आणि जग कामाला लागलं. अँड्र्यू वाइल्स यांची सिद्धता छापून यायला १९९५ साल उजाडलं. समास दोन बोटं रुंद असता तर साडेतीनशे वर्षांचा खोळंबा वाचला असता, किंवा ती सिद्धता चुकीची आहे हे तरी तेव्हाच कळलं असतं. मला दुसरी शक्यता जास्त वाटते. चार वर्षं 'होत आलंय' म्हणणाऱ्या माणसाला फर्माची भाषा लगेच ओळखू येते.

वेबलाही हा समास जन्मापासून हवा होता. १९९३ च्या मोझेक ब्राउझरच्या सुरुवातीच्या आवृत्तीत गटाने टिपा लिहायची सोय होती. सगळ्यांच्या टिपा ठेवायच्या कुठे, या अडचणीपायी ती काढून टाकली गेली. १९९९ साली थर्ड व्हॉइस नावाचं साधन आलं. त्यातून कुणाच्याही संकेतस्थळावर चिठ्ठी डकवता येई. संकेतस्थळांचे मालक 'आमच्या भिंतीवर जाहिराती लावू नयेत' या थाटात खवळले आणि २००१ मध्ये ते बंद पडलं. अखेर डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने २३ फेब्रुवारी २०१७ रोजी टिपांचं प्रमाण स्वरूपच जाहीर केलं. त्याचं सार दोन शब्दांत: कशावर आणि काय. मावशींनी फ्रिजवर लावलेल्या चिठ्ठ्यांत 'काय' होतं, 'कशावर' हरवलं होतं. एवढ्यासाठी आंतरराष्ट्रीय समिती लागते.

मग आम्ही गट केला. बचत गटासारखाच, फक्त बचत होत नव्हती. मी, तासिका सर, अर्थशास्त्राच्या मॅडम आणि ग्रंथपाल मॅडम. सगळ्यांचा कुठला ना कुठला आढावा लिहायचा होता. ठरलं असं, की प्रत्येकाने वाचताना टीप लिहायची आणि तिला शोधशब्द जोडायचा, म्हणजे नंतर एका शब्दावर टिचकी मारली की सगळ्या टिपा एकत्र गोळा. केवढी सोय! महिन्याने मी 'बचत गट' या शब्दावर टिचकी मारली, तर फक्त माझ्याच टिपा आल्या. तासिका सर 'बचतगट' असं जोडून लिहीत. अर्थशास्त्राच्या मॅडम मध्ये आडवी रेघ देत. ग्रंथपाल मॅडमनी ग्रंथालयशास्त्राला जागून 'बचत गट, महिला' असं उलटं लिहिलं होतं. एम्पॉवरमेंटचं तर विचारूच नका. सक्षमीकरण, सबलीकरण, सशक्तीकरण आणि सशक्तिकरण. एकाच तालुक्यातली तीच बाई चार ठिकाणी चार प्रकारे बलवान झाली होती आणि यंत्राच्या लेखी त्या चार निरनिराळ्या बाया होत्या. ह्रस्व-दीर्घाचा भेद यंत्राला कळतो. आमच्यापैकी तिघांना कळत नव्हता.

त्यावर बैठक झाली. अर्थशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "अर्थ पोचल्याशी कारण." ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडे पुस्तक एका कपाटात असतं किंवा दुसऱ्या. अर्थ पोचला म्हणून दोन्हीकडे ठेवता येत नाही." पंचवीस वर्षं विद्यार्थ्यांना हळू बोला म्हणून सांगितलेल्या बाईचा आवाज चढला की माणसं गप्प होतात. त्यांनी एक यादी केली. कोणत्या शोधशब्दाचं लेखन कसं, तो कुठे लावायचा, कुठे नाही. दीड पान. आमच्या साऱ्या उद्योगातलं सर्वांत उपयुक्त लेखन ते दीड पान होतं, आणि ते त्यांनी वहीत लिहिलं होतं.

दुसरं संकट मराठी पीडीएफचं. इंग्रजी लेख कसा, माऊस फिरवला की मुकाट पिवळा होतो. मराठी प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर मिळतात. गंगा हे नाव योग्यच आहे, तिच्यात सगळंच येऊन मिळतं. काही प्रबंध नीट युनिकोडमध्ये असतात. काही मात्र नुसते फोटो. त्यांच्यावर माऊस ओढला की पान जागेवर आणि आपण थकलेलो. तिसरा प्रकार सर्वांत धूर्त, जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला. डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतं, पण ते खरं तर मराठीचा मुखवटा घातलेलं रोमन असतं. मी 'महिलांचा आर्थिक विकास' हे शब्द निवडले आणि उजवीकडच्या पट्टीत उमटलं ते टोप्या घातलेल्या, दोन-दोन टिंबं ल्यालेल्या परक्या अक्षरांचं वऱ्हाड. त्याखाली माझी टीप: 'अत्यंत समर्पक विधान.' आजही ती तशीच आहे. युनिकोडमधल्या काही पीडीएफमध्ये वेलांटी सासरी नांदत नाही, ती शेजारच्या अक्षराकडे निघून जाते. मग 'निष्कर्ष' शोधला तर सापडत नाही. तसा तो त्या प्रबंधात वाचूनही सापडला नव्हता.

पण या वैतागातूनच आम्हाला एक खजिना मिळाला. आमच्याकडे एक शोधशब्द होता: 'हे आधी वाचलंय'. वाचताना वाक्य ओळखीचं वाटलं की तो लावायचा. सहा महिन्यांनी त्यावर टिचकी मारली, तर टिपांची रांगच लागली. एक वाक्य पाच प्रबंधांत. तेच वाक्य, तीच क्रियापदं, आणि पाचही ठिकाणी 'सक्षमीकरण'च्या जागी 'सक्षमीकारण'. पाचही जण म्हणतात, 'प्रस्तुत संशोधिकेस असे आढळून आले'. पाच जिल्हे, पाच संशोधिका, आणि सगळ्यांना एकच टंकनदोष आढळून आला.

अर्थशास्त्राच्या मॅडम हतबल झाल्या. ग्रंथपाल मॅडमचे डोळे मात्र चमकले. त्या पुण्याच्या, भांडारकर संस्थेच्या वाचनकक्षात त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. त्या म्हणाल्या, "अहो, असंच तर करतात! समान चूक म्हणजे समान पूर्वज." महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशीच झाली. १९१९ साली काम सुरू झालं, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली, देशभरच्या १,२५९ हस्तलिखितांचा पाठ ताडून पाहिला आणि १९६६ साली १९ खंडांचं काम पुरं झालं. त्या पानावर वर दोन-चार श्लोक असतात आणि खाली दाट बारीक टायपात पाठभेद: कुठल्या पोथीत काय, कुठल्या पोथीत काय नाही. कुठली पोथी कुठल्या घराण्यातली, हे ज्या खुणांवरून ठरतं त्यात सामाईक चुका मोठ्या कामाच्या. बरोबर शब्द कुणीही स्वतंत्रपणे लिहू शकतो, तंतोतंत तीच चूक करायला नातं लागतं.

झालं. आढावा बाजूला पडला आणि आम्ही चौघं प्रबंधांची वंशावळ मांडायला बसलो. 'सक्षमीकारण' शाखा आणि 'सक्षमीकरण' शाखा. पहिल्या शाखेत एक पोटशाखा निघाली, तिच्यात नाबार्डचं साल १९९२ ऐवजी १९२९ झालेलं. नाबार्डचा जन्म १९८२ चा, म्हणजे तिने जन्माआधी त्रेपन्न वर्षं गटांना कर्ज वाटलं. त्या पोटशाखेतल्या एका वंशजाने तर त्यावर 'स्वातंत्र्यपूर्व काळातील प्रयत्न' असा स्वतंत्र परिच्छेदही लिहिला होता. इतक्या रसाने मी दुसरं काहीच वाचलं नसेल. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी लिहीत, की जसं समोर दिसलं तसं उतरवलं, दोष मला देऊ नका. निदान तेवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. आणि ज्ञानेश्वरीत मागाहून घुसलेलं काढून टाकायला १५८४ साली साक्षात एकनाथ बसले. नवी ओवी घुसडणाऱ्याला त्यांनी अमृताच्या ताटात करवंटी ठेवणारा म्हटलं. आमच्या विषयात ताट शोधावं लागतं, करवंट्या भरपूर आहेत.

एक गोष्ट मला तेव्हा जाणवली. पिवळ्या रंगाचा या शोधात काडीचा उपयोग झाला नव्हता. उपयोगी पडल्या त्या आमच्या कुरकुरी. 'हे आधी वाचलंय', 'हा आकडा खोटा वाटतो', 'परत तेच', 'झोप आली'. शेवटची टीपसुद्धा. चौघांनाही एकाच परिच्छेदावर झोप आली असेल तर तो परिच्छेद उचललेला आहे असं खुशाल समजावं.

वंशावळ मी अभिमानाने मार्गदर्शक सरांना दाखवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. तिच्यातल्या एका फांदीचे मार्गदर्शक ते स्वतः होते, हे मला फार उशिरा सुचलं. ते म्हणाले, "मॅडम, आढावा सिस्टेमॅटिक करा." म्हणजे प्रिस्मा पद्धतीने. तिच्या २०२० च्या आवृत्तीत २७ कलमी यादी आहे. किती लेख सापडले, किती गाळले, का गाळले, याचा ओघतक्ता काढायचा. दोघांनी स्वतंत्रपणे प्रत्येक लेखावर 'घ्या' किंवा 'गाळा' ठरवायचं आणि नंतर दोघांचं किती जुळलं ते मोजायचं. आम्ही शोधशब्द लावले. माझं आणि अर्थशास्त्राच्या मॅडमचं शंभर टक्के जुळलं. सर म्हणाले, "एवढं एकमत आपल्या विभागात चहातल्या साखरेवरही नाही." मग लक्षात आलं. गटात माझी टीप पडताक्षणी त्यांना दिसत होती आणि त्या माणुसकीला जागून तेच लिहीत होत्या. 'स्वतंत्रपणे' हवं तर दोघींनी काम संपेपर्यंत टिपा 'फक्त मला' यावर ठेवायला हव्यात. संशोधनातली ही सर्वांत महत्त्वाची कळ आम्हाला सर्वांत शेवटी सापडली.

हे मोजायचं माप म्हणजे जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कापा. त्यामागचं म्हणणं असं, की नाणं उडवून ठरवलं तरी काही वेळा दोघांचं जुळतंच, तेवढं योगायोगाचं जुळणं वजा करा आणि मग बोला. मला ते समजेना. तेव्हा लग्नसराई चालू होती आणि टीपॉयवर ४० पत्रिका पडल्या होत्या. मी आणि ह्यांनी वेगवेगळ्या कागदांवर 'जायचं' आणि 'नाही' लिहिलं. दोघांचं 'जायचं' १८ वर जुळलं, 'नाही' १२ वर. ८ ठिकाणी मला जायचं होतं, ह्यांना नाही. २ ठिकाणी उलटं, आणि त्या दोन्ही ठिकाणी मटण होतं. म्हणजे ४० पैकी ३०, पाऊणशे टक्के एकमत! ह्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मग मी कापा काढला. योगायोगानेच निम्मं जुळलं असतं, ते वजा जाऊन हाती आलं ०.५. तक्त्यात त्याला 'मध्यम सहमती' म्हणतात. तेवीस वर्षांच्या संसाराला मध्यम सहमती म्हणजे वाईट नाही, असं मी म्हटलं. ह्यांनी विचारलं, "यातलं योगायोगाचं किती म्हणालीस?"

मतभेदाच्या दहा पत्रिका नियमाप्रमाणे तिसऱ्या परीक्षकाकडे, म्हणजे सासूबाईंकडे गेल्या. त्यांनी दहाही 'घ्या'मध्ये टाकल्या. निकष एकच: "त्यांनी आपल्याकडे आहेर केला होता." हा निकष आराखड्यात नव्हता, पण ओघतक्त्यात त्याचा चौकोन काढावा लागला.

मध्यंतरी एका सरकारी संकेतस्थळाने रातोरात कात टाकली. देऊळही हललं आणि गिरणीही. माझ्या ३१ टिपा तिथल्या वाक्यांवर होत्या. वाक्यच गेल्यावर टीप कुठे चिकटणार? साधन तिला फेकून देत नाही. 'अनाथ' असा एक वेगळा कप्पा असतो, त्यात ठेवतं, हरवलेल्या वाक्याच्या उताऱ्यासकट. त्या कप्प्यातून फिरताना मला कळलं, की माझ्या आढाव्यातल्या सर्वांत खणखणीत आकड्यांचा पुरावा आता जगात फक्त माझ्याच अनाथाश्रमात आहे. सरांना मी म्हटलं, "सर, मूळ पान गेलं, पण टीप आहे." सर म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे बऱ्याच शास्त्रांचं तसंच झालंय."

अखेर गेल्या महिन्यात दुसरं प्रकरण झालं. सरांना लॅपटॉपवर वाचायचं नसतं, म्हणून छापून, स्पायरल बांधून दिलं. आठवड्याने परत आलं. एकशे बारा पानांवर कुठेही खूण नाही. फक्त शेवटच्या पानाच्या समासात, लाल शाईत, एक शब्द.

मला तो 'सुंदर' वाटला. तासिका सरांना 'संदर्भ?'. पहिला पाठ खरा असेल तर पेढे वाटायचे होते, दुसरा खरा असेल तर आणखी सहा महिने. अर्थशास्त्राच्या मॅडम माझ्या बाजूने, ग्रंथपाल मॅडम तासिका सरांच्या. यावेळी प्रत्येकाने चिठ्ठीवर गुपचूप लिहून दिलं होतं, त्यामुळे स्वातंत्र्यात खोट नव्हती. तासिका सरांनी पान स्कॅन करून अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीला दिलं. तिने तिसराच पाठ दिला: 'समुद्र'.

ग्रंथपाल मॅडम गंभीर झाल्या. पाठचिकित्सेत म्हणे नियम आहे, दोन पाठांतला जो अवघड, तो मूळ असण्याची शक्यता जास्त, कारण लेखनिक अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड सहसा करत नाही. त्या हिशेबाने 'समुद्र' हाच मूळ पाठ. मी रात्रभर विचार केला, की माझ्या प्रकरणाला सर समुद्र का म्हणतील. पहाटे पहाटे तर ते पटायलाही लागलं.

सकाळी चौघंही सरांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, पान खिडकीजवळ नेलं.

"हे अक्षर कुणाचंय?"

"तुमचंच, सर."

"माझं?" त्यांनी पुन्हा पाहिलं. मग खिशातून तांबडं पेन काढलं आणि त्या शब्दाखाली झरझर आणखी एक शब्द लिहून पान माझ्या हातात दिलं.

तासिका सरांच्या मते तो 'ठीक' आहे. ग्रंथपाल मॅडम 'टीका' म्हणतात.